अकरा झाकणं आणि एक कोट

माझ्या स्वयंपाकघरात एकाही पातेल्याला झाकण नाही. दूध ताटलीखाली असतं, भात ताटाखाली, आणि भाजीवर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा. पाहुण्यांना वाटतं, नोकरी करणारी बाई, हिचं घराकडे लक्ष नसणार. मी खुलासा करत बसत नाही. अठरा वर्षांत ॲल्युमिनियमची अकरा झाकणं आणि एक परात या घरातून गेली, आणि चोर दोन्ही वेळ माझ्याच हातचं जेवतो.

चोर म्हणजे आमचे हे. हे वनस्पती संशोधन केंद्रात मोजणीदार आहेत. शास्त्रज्ञ नव्हेत. शास्त्रज्ञ केंद्रात पंख्याखाली बसून लिहितात. त्यांना लिहायला आकडे लागतात, आणि ते आकडे उन्हात गुडघे टेकून आणणारा माणूस म्हणजे मोजणीदार. यांच्याजवळ मीटरभर लांब आणि मीटरभर रुंद अशी लाकडी चौकट असते. ती जमिनीवर ठेवायची, आत उगवलेली रोपं न् रोपं मोजायची, वहीत लिहायची, पुढे सरकायचं. ही चौकट बसमध्ये कुठेच मावत नाही, म्हणून हे ती गळ्यात अडकवून चढतात. भिंतीवरच्या फोटोतून आजोबा उतरून आल्यासारखे दिसतात. गावात यांचं खरं नाव विचाराल तर कुणी सांगणार नाही. चौकटराव म्हणाल तर थेट दारात आणून सोडतील.

गावामागच्या टेकडीवर यांनी बावन्न ठिकाणी लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. प्रत्येक खुंटीला नंबराचा बिल्ला लागतो. बिल्ल्यांसाठी केंद्राकडे अर्ज केला की दोन वर्षांनी उत्तर येतं, आणि उत्तरात लिहिलेलं असतं, ‘अर्ज तीन प्रतींत करावा’. माझ्या झाकणांना अर्ज लागत नव्हता. पहिली तीन झाकणं गेली तेव्हा मी शेजारणीवर संशय घेतला, तिच्याशी वर्षभर अबोला धरला. मग एका रविवारी हे मला निळ्या फुलांचे कंद दाखवायला टेकडीवर घेऊन गेले. एकतीस नंबरच्या खुंटीशी मी थबकले. बिल्ला म्हणजे कात्रीनं कापलेला पत्र्याचा तुकडा, त्याला मुठीचं भोक होतं आणि कडेला माझ्या हातून पडलेला पोचा.

“अहो, हे माझ्या दुधाच्या पातेल्याचं झाकण आहे!”

“होतं,” हे म्हणाले. “आता ते एकतीस नंबर आहे.”

बोलण्यात एवढा मुद्देसूदपणा यांना फक्त टेकडीवर सुचतो. एरवी चारचौघांत हे जमिनीकडे बघत बोलतात. अठरा वर्षांच्या सवयीचा परिणाम, दुसरं काय. माझं उलट आहे. मी नगरपालिकेत सभांचं इतिवृत्त लिहिते. सभेत सगळे बोलतात आणि मी लिहिते. लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, हा तिथला नियम. घरी आलं की मी बोलते आणि हे लिहितात.

आता कोटाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या कोटावर अडलं. माझ्या दादाच्या मुलीचं लग्न होतं. एकुलती एक भाची, आणि मी तिची एकुलती एक आत्या. यांच्यासाठी राखाडी रंगाचा नवा कोट शिवून घेतला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी हे कोट घालून तयार झाले आणि म्हणाले, “अर्ध्या तासात येतो. चिकट्याच्या शेंगा सुटायला लागल्या का, तेवढं बघतो.”

चिकटा म्हणजे आमच्या टेकडीवरचं गुडघाभर उंचीचं झुडूप. त्याच्या शेंगा हिरव्या असेपर्यंत झाडाला घट्ट धरून असतात. पिकून तपकिरी झाल्या की जो जवळून जाईल त्याला चिकटतात, आणि जाणारं कुणी नसेल तर खाली गळून पडतात. अर्धा तास झाला, दीड झाला. हे कार्यालयात आले तेव्हा लग्न लागून गेलं होतं आणि फोटोवाला सगळ्यांना ओळीत उभं करत होता. कोट खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तपकिरी शेंगांनी भरलेला. चेहऱ्यावर आनंद मात्र असा, की जणू यांचंच लग्न होतं. “सुटल्या!” हे मला म्हणाले. “आजच सुटल्या!” मी दात-ओठ खात हसले, कारण फोटोवाला कळ दाबत होता. नेमक्या त्याच क्षणी यांनी प्रेमानं व्याह्यांना मिठी मारली. नव्या विहीणबाईंची शाल या मिठीच्या कडेला होती. त्या शालीतून पुढचे दोन तास तीन बायका शेंगा वेचत होत्या, आणि माझी वहिनी माझ्याकडे असं बघत होती की विचारू नका.

मी नऊ दिवस यांच्याशी बोलले नाही. कोट साफ केला नाही, यांनाही करू दिला नाही. तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात कोंबला. फोटो आला. चांगला चौकटीत बसवलेला, खाली फोटोवाल्यानं छापलेली तारीख: बारा. तो मी कपाटामागे सरकवला आणि नातेवाइकांना सांगितलं, आमची प्रत खराब आली.

तेवीस तारखेला टेकडीवर आग लागली. पाऊस नाही नि काही नाही, नुसती कोरडी वीज पडली. दोन दिवस गावात खोकल्याशिवाय दुसरा आवाज नव्हता. टेकडीवर यांची एक लाकडी खोपी होती, तिच्यात दोरी, पाण्याचा कॅन आणि या वर्षाची वही. खोपी गेली, वही गेली. तिसऱ्या दिवशी वर जायची परवानगी मिळाली, आणि हे संध्याकाळी घरी आले ते नखशिखांत काळे होऊन. मी पाणी तापवून ठेवलं होतं. धीर द्यायला चार वाक्यंही ठरवून ठेवली होती.

“काळी राख आहे!” हे दारातूनच ओरडले. “अगं, जवळजवळ सगळीकडे काळीच!”

मला वाटलं, संपलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला. शेजारणीलाही तसंच वाटलं असणार, कारण तिनं खिडकी लावून घेतली.

अंघोळीनंतर यांनी समजावलं. राख काळी असली तर आग हलकी होती, वरवरचं खाऊन पुढे पळाली. राख पांढरी असली तर आग तिथं ठाण मांडून बसली, माती खोलवर भाजली. हलक्या आगीनं मातीतलं बी मरत नाही. उलट चिकट्यासारख्या कठीण सालीच्या बियांना तेवढा चटका लागतोच, त्याशिवाय त्या उघडत नाहीत. “आणि वेळ बघ,” हे म्हणाले. “शेंगा बाराला सुटल्या, आग तेवीसला लागली. अकरा दिवस! आधी लागली असती तर बी झाडावरच जळून गेलं असतं. झुडपांनीही पानं टाकून दिली होती, सगळी शिदोरी मुळांत नेऊन ठेवली होती. वरचं घर जळलं, तळघर भरलेलं आहे. फक्त कुणी हात लावता कामा नये.”

आणि हात लावायला अख्खं गाव शिवशिवत होतं. आमचे नगराध्यक्ष पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे. माणूस वाईट नाही, पण त्यांना वाकडं आणि रिकामं काही बघवत नाही. टेकडीवरची झुडपं रांगेत उभी नाहीत याचं दुःख त्यांना आगीच्या आधीपासून होतं. आता तर काळी टेकडी नेमकी त्यांच्या खिडकीसमोर. त्यांनी ठराव आणला: टेकडी यंत्रानं उकरून सपाट पट्टे करायचे आणि परदेशी, भराभर वाढणारी रोपं ओळीनं लावायची. ठराव मीच टंकला. यंत्र फिरलं की कंद, मुळं, बी, खुंट्या, सगळं उलटंपालटं होणार. यांची अठरा वर्षं अक्षरशः मातीत जाणार, हे टंकताना मला स्पष्ट दिसत होतं, आणि मी शुद्धलेखन तपासत होते.

सभेत यांना दहा मिनिटं मिळाली. हे उभे राहिले, जमिनीकडे बघत राहिले आणि मग फरशीला उद्देशून आकडे सांगू लागले. फरशीनं शांतपणे ऐकून घेतलं. सभासद कुजबुजत होते.

अध्यक्षांनी हातातला कागद वाचला. “रोपं पुरवणारे म्हणतात, आग बी गळायच्या आधी लागली, टेकडी मेली. तुम्ही म्हणता, बी गळलं होतं. कशावरून?”

“वहीत तारीख आहे.”

“वही कुठे आहे?”

“जळली.”

सभागृह खो खो हसलं. इतिवृत्तात मी ‘सभासदांनी समाधान व्यक्त केले’ असं लिहिलं, कारण दुसरा शब्द वापरला असता तर माझी नोकरी गेली असती. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “मोजणीदार, मला सकाळी उठून ती काळी टेकडी बघवत नाही हो. पुढच्या सोमवारपर्यंत काहीतरी पुरावा आणा. नाहीतर मंगळवारी यंत्र.”

घरी हे टेबलाशी बसले. पेन्सिलीला टोक केलं. मग वही उघडायला हात पुढे गेला आणि तिथं वही नव्हती. यांनी पेन्सिल कानावर ठेवली, परत काढली, परत टोक केलं. टोक आधीच इतकं अणकुचीदार होतं की त्याचा कपचा उडाला. मी लग्नानंतर कधी यांच्यासाठी रडले नव्हते; तशी वेळच यांनी येऊ दिली नव्हती, रागातच सगळे दिवस गेले. त्या दिवशी मात्र कांदा चिरत नसतानाही मी पदरानं डोळे पुसले.

आणि मला माहीत होतं की पुरावा कपाटामागे आहे.

खरं सांगायचं तर मी चार दिवस गप्प बसले. तो फोटो बाहेर काढायचा म्हणजे सगळ्या गावानं बघायचा. ‘आमची प्रत खराब आली’ ही माझी थाप उघडी पडणार. वहिनीची चुलत बहीण नगरपालिकेतच पाणीपट्टीच्या खिडकीवर बसते; ती संध्याकाळच्या आत बातमी पोचवणार. त्यात फोटोतला माझा चेहरा! दात-ओठ खाऊन हसणारी बाई आयुष्यात एकदा बघितली तर माणूस विसरत नाही.

हे मात्र ते चार दिवस टेकडीवर बावन्न खुंट्यांचे बिल्ले गोळा करत होते. सोमवारी सभेत यांनी पिशवी उलटी केली. टेबलावर माझी अकरा झाकणं आणि परात तुकड्या-तुकड्यांनी येऊन पडली. हे बिल्ले नंबरानुसार टेकडीच्या आकारात मांडत गेले. पंचेचाळीस बिल्ले काळे पडलेले, पण धड होते. सात मात्र वितळून गोळे झाले होते.

“ॲल्युमिनियम साधारण सहाशे साठ अंशांना वितळतं,” हे म्हणाले, या वेळी टेबलाकडे बघत. तेवढी प्रगती होती. “पंचेचाळीस ठिकाणी आग तेवढी तापलीच नाही. तिथं खालची बारीक मुळं अजून ओली आहेत, मी उकरून पाहिली.”

सभासद पुढे झुकले. रंग भरत होता. इथं शहाण्या माणसानं थांबावं. पण आमचे हे!

“या सात ठिकाणी मात्र काहीही उगवणार नाही,” हे म्हणाले. “तिथं तोडलेल्या लाकडांची रास होती, ती दोन दिवस धुमसत राहिली. माती विटेसारखी भाजली आहे. राख पांढरी आहे.”

मी मनात कपाळावर हात मारला. कुणी विचारलं होतं का? पण विचारल्याशिवाय खरं सांगायचं, ही यांची खोड, आणि वितळलेला गोळाही यांच्या लेखी एक आकडाच.

“बरं, आग हलकी होती, मानलं,” अध्यक्ष म्हणाले. “पण खाली बीच नसेल तर हलकी काय नि भारी काय? तारखेचं काय?”

यांची पुन्हा नजर फरशीवर. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. “बाई, लिहून घ्या, पुरावा सादर झाला नाही.”

मी पेन खाली ठेवलं. अठरा वर्षं यांनी माझी झाकणं नेली, भाचीच्या लग्नात माझी शोभा केली. पण ते वाक्य लिहायला माझा हात उचलेना. मी खुर्चीमागची पिशवी उघडली, कारण फोटो मी सकाळीच आणला होता. आणूनही दोन तास खुर्चीमागे ठेवून बसले होते.

“बाई, लिहिणाऱ्यानं बोलायचं नसतं,” अध्यक्ष म्हणाले.

“मी बोलत नाही, दाखवतेय,” मी म्हणाले आणि फोटो टेबलावर आपटला. मग अर्थातच बोलले. “ही तारीख. बारा. हा कोट. आणि या कोटावर तुम्हाला तपकिरी काय दिसतंय ते सांगा. हिरवी शेंग झाड सोडत नाही. पिकल्याशिवाय ती कुणाच्या अंगाला चिकटत नाही. आग तेवीसला लागली. आता लिहू का, पुरावा सादर झाला?”

भिंग मागवण्यात आलं. फोटो हातोहात फिरला. एकानं विचारलं, “या शालवाल्या बाई का ओरडतायत?” दुसऱ्यानं विचारलं, “आणि या दात खाणाऱ्या बाई कोण?” मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि फोटो घाईघाईनं पुढे दिला. अध्यक्षांनी भिंगातून कोटावरच्या शेंगा मोजायला घेतल्या. मोजणी ही लागण होणारी गोष्ट आहे. त्यांनी दोनदा चूक केली आणि तिसऱ्यांदा सगळ्यांना गप्प बसवून पहिल्यापासून सुरुवात केली. एका बाहीवर एकोणतीस भरल्या.

निकाल लागला तो कवायत मास्तरांच्या पद्धतीनं. एक पाऊस टेकडीला मुभा. पावसानंतर सहा आठवड्यांनी स्वतः अध्यक्ष मोजणार. निम्म्याहून जास्त चौकटींत हिरवं नसेल तर दुसऱ्या दिवशी यंत्र.

मधले दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. पाऊस झाला. तीन आठवडे टेकडी तव्यासारखी काळी. दुकानात लोक मला विचारायचे, “काय, चौकटरावांचं तळघर उघडलं का?” मी म्हणायची, “उघडलं की तुम्हालाच पहिलं आत ढकलते.” घरी आल्यावर मात्र मीच यांना खोदून खोदून विचारायची, नक्की ना? हे म्हणायचे, “बी आहे. वेळ बरोबर होती. आग हलकी होती. आता त्यांचं काम.” आणि शांत झोपायचे. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? पण मी रागवायची.

सहाव्या आठवड्यात अध्यक्ष वर आले, पांढरी पँट घालून. पहिल्या खुंटीशी यांनी चौकट ठेवली. दुरून काळं दिसणारं जवळून तसं नव्हतं. जळक्या बुंध्यांच्या पायथ्याशी लालसर कोंब, राखेतून कंदांची पाती, आणि नखाएवढ्या पानांचे चिकट्याचे अंकुर, सगळे वेडेवाकडे. अध्यक्ष गुडघ्यांवर बसले. “एक, दोन, तीन…” मोजता मोजता चाळीसच्या पुढे आकडा चुकला. “कुणी मधे बोलू नका!” ते ओरडले, कुणी बोलत नसताना. दहाव्या चौकटीपर्यंत पँट काळी झाली होती आणि एका सभासदाचा पाय अंकुरावर पडला म्हणून अध्यक्षांनी त्याला रांगेबाहेर काढून उभं केलं होतं. पंचेचाळीसपैकी त्रेचाळीस चौकटींत हिरवं होतं. यंत्राचा ठराव तिथंच, टेकडीवर, अध्यक्षांनी तोंडी मागे घेतला. मी लिहून घेतला.

खाली उतरताना सगळे आनंदात. हेच तेवढे मागे राहिले. बघते तर पांढऱ्या राखेच्या पट्ट्यावर उभे. सात खुंट्या, खाली टणक जमीन, हिरव्याचा ठिपका नाही.

“अहो, जिंकलात ना? चला.”

“इथं आपणच पेरायला हवं,” हे म्हणाले. “याच टेकडीचं बी हवं, बाहेरचं नको. पण या वर्षी वरची झाडं जळली, नव्यांना शेंगा धरायला दोन-तीन वर्षं. तोवर इथं तण माजेल. या वर्षी बी आणू कुठून?”  त्रेचाळीस चौकटींचा आनंद बाजूला ठेवून या माणसाला सातांचं दुःख होतं.

मी घरी आले, कपाट उघडलं, वर्तमानपत्र सोडलं आणि कोट टेबलावर पसरला. यांच्या हातातली चौकट खाली पडली. इतके महिने मी रागानं त्या कोटाला ब्रश लागू दिला नव्हता. आम्ही समोरासमोर बसून शेंगा वेचल्या. बाहीवरच्या, पाठीवरच्या, कॉलरखालच्या. खिशांत तर मूठभर निघाल्या. तीनशे बारा. यांनी दोनदा मोजल्या, मी एकदा.

“आता यांना चटका द्यायचा,” हे म्हणाले. “आगीचं काम आपण करायचं. शेंगा सोलून बी काढायचं, पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि गार होईपर्यंत झाकून ठेवायचं.”

मी पाणी उकळलं, पातेलं उतरवलं, बी टाकलं.

“झाक लवकर,” हे म्हणाले, “वाफ जातेय.”

मी कमरेवर हात ठेवून यांच्याकडे बघितलं. यांनी ओट्याकडे बघितलं, फळीकडे बघितलं आणि मग बऱ्याच दिवसांनी सवयीनं जमिनीकडे. अकरा झाकणं आणि परात यांच्या पिशवीत तुकड्यांनी पडली होती.

मग हे बाहेरच्या खोलीत गेले आणि तो फोटो घेऊन आले. काच वर करून पातेल्यावर ठेवला. अगदी फिट्ट बसला. कडेनं सुटणाऱ्या वाफेनं काचेवरून आधी व्याही पुसले गेले, मग विहीणबाई, मग दात-ओठ खाणारी मी. कोट तेवढा बराच वेळ दिसत होता. मी तो फोटो काढून घेतला नाही. पाणी गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच ओट्याशी उभे राहिलो.